'स्वामी'नंतर काय वाचू?

माझ्या भाचीचा परवा फोन आला. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'पानिपत' सगळं वाचून झालंय, आता पुढे काय? घरात पुस्तकं जास्त झालेल्या माणसाला हा प्रश्न अधूनमधून येतोच. तुमच्याकडेही येत असणार.

तिला 'स्वामी'चा शेवट फार आवडला होता. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. रणजित देसाईंनी तो प्रसंग असा रंगवलाय की डोळे पाणावतात. माझेही पाणावले होते, खोटं कशाला बोलू. पण ही कादंबरी १९६२ची आहे. जवळजवळ दोनशे वर्षांच्या अंतरावरून सती सुंदर दिसू शकते. नवरा गेल्यावर बाईचं खरोखर काय होत होतं, हे ते होत असतानाच लिहिणारी माणसंही आपल्याकडे होती.

म्हणून तिला सांगितलं, आता 'पण लक्षात कोण घेतो?' घे. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात ही कादंबरी क्रमश: छापायला घेतली. सांगते आहे स्वत: यमू. लहानपण, लग्न, सासर, मग मुंबईतलं नवऱ्याबरोबरचं थोडंसं सुखाचं बिऱ्हाड, आणि तो गेल्यावर सासरी जबरदस्तीने झालेलं केशवपन. इथे कुठलीही चिता पेटत नाही. बाई जिवंत राहते, आणि तेच भयंकर आहे. लोक हे वाचत होते तेव्हा पुण्यात संमतिवयाच्या कायद्यावरून रण माजलं होतं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, बस्स एवढंच! १८९१मध्ये तो कायदा झाला. सुरुवातीची पानं संथ आहेत, भाषा जुनी आहे, पण पन्नासेक पानं धीर धरा.

गंमत म्हणजे, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात त्या बाबा पद्मनजींच्या 'यमुनापर्यटना'ची (१८५७) नायिकाही यमुनाच, आणि विषयही विधवांचाच. बाबा ख्रिस्ती झालेले, त्यामुळे त्यांची यमुना शेवटी ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. कादंबरी म्हणून कच्ची आहे. हौस असेल तरच वाचा.

हरिभाऊ जड वाटले तर विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घ्या. एका बैठकीत संपतं. जर्मनीतून पळालेल्या ज्यूंना घेऊन मुंबईकडे निघालेली बोट, त्यावर चक्रधर आणि हॅर्टा. पुस्तक आलं १९३९मध्ये. ज्यूंचं सामूहिक हत्याकांड अजून पुढेच होतं, बेडेकरांना ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तरी हॅर्टाचं बोलणं वाचताना आपल्याला ते ठाऊक असतं, आणि पुढचं पान उलटवत नाही. शेवट सांगत नाही.

बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई, म्हणजे विभावरी शिरूरकर, यांची 'बळी' (१९५०)ही सुचवली. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मत:च गुन्हेगार ठरवलं, त्यांना कोंडलेल्या तारेच्या कुंपणामागची ही गोष्ट. मालतीबाईंनी अशा वसाहतीत काम केलं होतं. तो कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

भाची म्हणाली, "मामा, यात लढाई कुठेच नाही का?" म्हटलं, आधी यमू वाच, मग बोलू.