पाठीच्या कण्याची वक्रता

पाठीच्या कण्याला प्रमाणाबाहेर किंवा भलत्या दिशेने आलेला बाक. निरोगी कणा मागून पाहता सरळ दिसतो, बाजूने मात्र नाही : मान व कंबरेशी तो पुढे, तर पाठीशी मागे झुकलेला असतो. चालताना बसणारे हादरे याच बाकांमुळे सोसले जातात. पाठीचा बाक वाढला की कुबड येते. कंबरेचा वाढला की कंबर आत व पोट पुढे येते. कणा बाजूला वळला तर ती पार्श्ववक्रता, म्हणजेच स्कोलिओसिस.

पार्श्ववक्रतेत क्ष-किरण चित्रावर मोजलेला कोन १० अंश किंवा त्याहून अधिक असतो. मणके नुसते कलत नाहीत, स्वतःभोवती पिळतातही. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या वर उचलल्या जातात. सुमारे ८० टक्के रुग्णांत कारण सापडत नाही. वक्रता बहुधा वयात येताना दिसू लागते व वाढत्या उंचीबरोबर वाढते. मोठे बाक मुलींत अधिक आढळतात. दप्तराचे ओझे किंवा पोक काढून बसणे हे तिचे कारण नव्हे, तेव्हा त्यासाठी मुलांना बोल लावणे अन्यायाचे आहे. कारण सापडते अशा उरलेल्या रुग्णांत जन्मतःच अर्धवट घडलेला मणका, पोलिओ, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचे आजार ही कारणे असतात.

उतारवयातील कुबड बहुधा हाडे ठिसूळ होऊन मणके पुढच्या बाजूने दबल्याने येते. भारतात आणखी एक कारण विसरून चालत नाही : मणक्याचा क्षय. इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कुबड व पायांतील लुळेपणा यांचा संबंध वर्णिला. या क्षयाचा जंतू जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉख यांना सापडला तो १८८२ मध्ये. हा रोग मणक्याचा पुढचा भाग पोखरतो, मणका ढासळतो आणि पाठीत टोकदार उंचवटा येतो. लहान मुलांत रोग बरा झाल्यावरही हा बाक वाढत राहू शकतो. वेळीच औषधे सुरू झाली तर बहुतेकदा मोठे कुबड टळते. म्हणून न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप व घटते वजन अंगावर काढू नये.

वाढत्या वयातील पार्श्ववक्रता २५ अंशांपर्यंत असल्यास लक्ष ठेवतात, २५ ते ४० अंशांना पट्टा देतात, ४५–५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. ती सहसा दुखत नाही, म्हणून नजरेतून सुटते. दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना उघड्या पाठीने, गुडघे ताठ ठेवून ओणवे करावे व मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.