टायटल नाइन : मैदान कोणाला मिळाले?

अमेरिकेच्या शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यातील नवव्या भागाला तिकडे 'टायटल नाइन' म्हणतात. २३ जून १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. त्याचे मुख्य वाक्य इंग्रजीत अवघ्या सदतीस शब्दांचे आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक कार्यक्रमातून लिंगाच्या कारणावरून कोणाला वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाही, भेदभाव करता येणार नाही, एवढेच ते सांगते. खेळ हा शब्द त्यात नाही. तरीही या कायद्याचे नाव काढले की अमेरिकन माणसाला आधी मुलींचे मैदान आठवते. हे कसे घडले आणि मिळाले ते कोणाच्या वाट्याला आले, हे आपण तपासले पाहिजे. समतेचे कायदे कागदावरून गावात येईपर्यंत त्यांचे काय होते, याचा अनुभव आपल्याइतका कोणाला असणार?

या कायद्याची भाषा उसनी आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या भागाने सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांत वंश, वर्ण आणि मूळ राष्ट्रीयत्व यांवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला. त्यात स्त्रिया नव्हत्या. नोकरीविषयीच्या सातव्या भागात लिंगाचा उल्लेख होता, पण शिक्षणसंस्थांतील अध्यापकांना त्यातून वगळले होते. मेरिलँड विद्यापीठात अर्धवेळ शिकवणाऱ्या आणि कायमच्या जागेसाठी डावलल्या गेलेल्या बर्निस सँडलर यांनी ही पळवाट उघडी पाडली व अनेक विद्यापीठांविरुद्ध तक्रारी गुदरल्या. एडिथ ग्रीन यांनी १९७० मध्ये संसदेत सुनावण्या घेतल्या. मग सहाव्या भागातील वाक्यच घेऊन त्यात वंशाच्या जागी लिंग हा शब्द घातला गेला. म्हणजे काळ्या माणसांनी लाठ्या, कुत्रे आणि तुरुंग सोसून जी भाषा कायद्यात आणली, तीच स्त्रियांच्या उपयोगी पडली. आपल्या घटनेचा पंधरावा अनुच्छेद धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांना एकाच वाक्यात आणतो. अमेरिकेत वंशाचे दार वेगळे आणि लिंगाचे वेगळे. काळी स्त्री कोणत्या दाराने जाणार, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नाही.

कायदा होईपर्यंत खेळवाले गाफील होते. आपल्या फुटबॉलच्या तिजोरीला हात लागणार हे ध्यानी येताच ते जागे झाले. १९७४ मध्ये टेक्ससचे सिनेटर जॉन टॉवर यांनी उत्पन्न मिळवून देणारे खेळ कायद्यातून वगळण्याची दुरुस्ती मांडली. ती टिकली नाही. जुलै १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहात शारीरिक शिक्षण आणि खेळ वगळण्याचा प्रयत्न पुन्हा झाला. हवाईच्या पॅट्सी मिंक या कायद्याची बाजू लढवत होत्या. संसदेत निवडून गेलेली ती पहिली गौरेतर स्त्री. तरुणपणी वैद्यकीय महाविद्यालयांनी तिला प्रवेश नाकारला होता. मतदानाच्या वेळीच मुलीला अपघात झाल्याचा निरोप आला आणि त्यांना सभागृह सोडावे लागले. कायदा एका मताने हरला. दुसऱ्या दिवशी हे कारण सांगून फेरमतदान घेण्यात आले आणि तो वाचला. लक्षावधी मुलींचे खेळणे इतक्या बारीक दोरीवर लोंबकळत होते.

नियम झाले, पण ते पाळायला लावायचे कोणी? येल हे अमेरिकेतील अतिप्रतिष्ठित विद्यापीठ. १९६९ पर्यंत त्याच्या पदवी महाविद्यालयात मुलींना प्रवेशच नव्हता. तिथल्या मुली नौकानयन करू लागल्या. हिवाळ्यात नदीवरून परतल्यावर मुलांना नौकागृहात गरम पाण्याची न्हाणीघरे होती, मुलींना नव्हती. घामाने आणि नदीच्या पाण्याने भिजलेल्या अंगाने त्या बसमध्ये बसून राहत आणि मुलांच्या आंघोळी उरकल्या की बस निघे. मुली आजारी पडू लागल्या. अर्ज झाले, आश्वासने मिळाली. ३ मार्च १९७६ रोजी क्रिस अर्न्स्ट हिच्या पुढाकाराने एकोणीस मुली क्रीडा विभागाच्या अधिकारी बाईंच्या कार्यालयात गेल्या. त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. उघड्या पाठीवर आणि छातीवर निळ्या शाईने टायटल नाइन असे लिहिले होते. त्याच स्थितीत उभे राहून त्यांनी आपले निवेदन वाचले. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली आणि वर्षानुवर्षे न सापडणारा पैसा सापडला.

या प्रसंगाची चवदार तळ्याशी तुलना करणे मला मान्य नाही. येलच्या मुली सुखवस्तू घरच्या होत्या, त्यांच्या गावी पाणी होते. पण पाणी कोणाच्या अंगावर पडेल हे सत्ता ठरवते, आणि सभ्य भाषेतील अर्ज सत्तेला ऐकू येत नाहीत, एवढे साम्य नजरेआड करण्याचेही कारण नाही.

पुढचा इतिहास कोर्टकचेऱ्यांचा आहे. १९७९ मध्ये सरकारने तीन कसोट्या दिल्या : खेळाडूंमधील मुलींचे प्रमाण विद्यार्थिनींच्या प्रमाणाशी जुळावे, किंवा संधी सातत्याने वाढवल्याचा इतिहास दाखवावा, किंवा मुलींची आवड पूर्णपणे भागवल्याचे सिद्ध करावे. १९८४ मध्ये ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ज्या विभागाला पैसा मिळतो तेवढ्यालाच कायदा लागू, असा अर्थ लावला. क्रीडा विभाग सुटले. १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून संसदेने तो अर्थ रद्द केला. मुलांच्या कुस्तीचे संघ बंद पडले तेव्हा खापर मुलींवर फुटले. एकेका फुटबॉल संघाला पंच्याऐंशी शिष्यवृत्त्या लागत होत्या, याबद्दल मात्र कोणी ब्र काढत नव्हते.

लाभ झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७१-७२ मध्ये शालेय संघांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. २०१८-१९ मध्ये त्या चौतीस लाखांवर गेल्या. पण १९७२ मध्ये मुलींच्या महाविद्यालयीन संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पगार वाढले, प्रतिष्ठा आली आणि पुरुष आले. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले.

आणि काळ्या मुली? त्या मैदानावर कायद्याच्या आधीपासून होत्या. घाम गाळून स्पर्धा करणे कुलीन बाईला शोभत नाही असे गोऱ्या शिक्षणसंस्थांतील बायकाच सांगत होत्या, तेव्हा टस्कीगी आणि टेनेसी स्टेट या काळ्यांच्या संस्था मुलींना धावायला शिकवत होत्या. टस्कीगीत शिकलेल्या ॲलिस कोचमनने १९४८ मध्ये उंच उडीत ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. टेनेसी स्टेटच्या विल्मा रुडॉल्फने १९६० मध्ये रोमला तीन सुवर्णपदके घेतली. सोवळे ज्यांना परवडते त्यांच्यासाठीच असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. टायटल नाइननंतर मात्र विद्यापीठांनी फुटबॉलचा तोल साधण्यासाठी मुलींच्या नौकानयनाचे, सॉकरचे मोठमोठे संघ काढले. हे खेळ उपनगरांतील शाळांचे आणि क्लबांचे. काळ्या मुली मुख्यतः बास्केटबॉल आणि धावण्यातच राहिल्या. कायदा मुली मोजत होता. कोणत्या मुली, हे मोजायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

१९८२ पर्यंत मुलींच्या महाविद्यालयीन स्पर्धा स्त्रियांनीच चालवलेली संघटना घेत असे. मग पुरुषांच्या बलाढ्य एनसीएएने त्या स्पर्धा आपल्याकडे घेतल्या आणि ती संघटना संपली. एनसीएएच्या पहिल्याच मुलींच्या बास्केटबॉल अंतिम सामन्यात, मार्च १९८२ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील चेनी स्टेट हे काळ्यांचे छोटे कॉलेज उतरले होते. प्रशिक्षक होत्या व्हिव्हियन स्ट्रिंगर, स्वतः काळ्या खाणकामगाराची मुलगी. लुइझियाना टेकने चेनीला ७६-६२ असे हरवले. पुढच्या वर्षी स्ट्रिंगर आयोवा या मोठ्या सरकारी विद्यापीठात गेल्या. त्यानंतर काळ्यांचे एकही कॉलेज त्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेले नाही.