हँडगिअर आणि फ्लोअर गिअर : एका बदललेल्या दांड्याचा इतिहास

प्रस्तुत टिपणाचा विषय काही वाचकांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने बनविलेल्या फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेल्या पद्मिनी या मोटारींत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला असे. कित्येक मालकांनी तो काढून टाकला आणि त्याऐवजी बाजारात सुटा मिळणारा, मोटारीच्या तळातून वर येणारा दांडा बसवून घेतला. पहिल्यास आपल्याकडे हँडगिअर म्हणत, दुसऱ्यास फ्लोअर गिअर. घटना एवढीच. परंतु १९५० ते १९८३ या काळाचा मोटारविषयक इतिहास परवाने, प्रतीक्षायादी आणि निरुपायाने पत्करलेली गाडी यांचा म्हणून सांगितला जातो, आणि त्यात ग्राहक केवळ रांगेत उभा असलेला दिसतो. बदललेला दांडा या चित्रात बसत नाही. त्याची दखल घ्यावयाची ती याच कारणासाठी.

हँडगिअर ही भारतीय कारखानदाराची कल्पना नव्हे. अमेरिकेत १९३८ साली कॅडिलॅक व पाँटिॲक यांनी तो आणला आणि दोन-तीन वर्षांत तेथील बहुतेक गाड्यांनी तो स्वीकारला. हेतू सरळ होता : पुढील आसनाचे बाक अखंड राहावे व मधल्या माणसाच्या पायांना अडथळा होऊ नये. इटलीच्या फियाटने १९५३ च्या आपल्या ११०० मध्ये तीच रचना घेतली, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या द्वारे ती आपल्याकडे आली. ॲम्बॅसडरही हँडगिअरचीच होती. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड मात्र १९६१ पासून फ्लोअर गिअर घेऊन आली, म्हणजे भारतीय चालकास दुसरा प्रकार ठाऊकच नव्हता असे म्हणता येत नाही.

मग मूळ दांडा बदलावासा का वाटला? केवळ हौसेने, असे उत्तर सहज दिले जाते. ते अपुरे आहे. येथे एखाद्या विशिष्ट गावाच्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरते, म्हणून वारूळवाडीचे स्थान ध्यानात घेऊ. नारायणगावाला लागून, पुणे-नाशिक मार्गालगत, मीना नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. येथून पुण्यास जावयाचे म्हणजे जुन्या रस्त्याने अवसरीचा व खेडचा घाट ओलांडणे आले, कल्याण-मुंबईकडे जावयाचे म्हणजे माळशेज आला. फियाटचे इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरचे. माणसे व सामान यांनी भरलेली गाडी चढावर न्यावयाची तर गिअर पुनःपुन्हा बदलावा लागतो. हँडगिअरमध्ये हाताची हालचाल खांबालगत खाली उतरून सांध्यासांध्यांनी गिअरपेटीपर्यंत पोहोचते. प्रत्येक सांध्यात एक बुश असतो. बुश झिजले की दांडा सैल होतो, हवा तो गिअर पडत नाही, आणि कधी दोन गिअरांच्या मध्ये यंत्रणा अशी अडकते की गाडी उभी करून, बॉनेट उघडून ती हाताने सोडवावी लागते. सपाट शहरात हा त्रास होय. घाटाच्या वळणावर, मागे मालमोटार असताना, तो धोका होतो. फ्लोअर गिअरचा दांडा गिअरपेटीच्या जवळच असल्यामुळे मधले सांधे कमी आणि झीजही कमी.

बदलाची क्रिया गॅरेजमधील कारागिराच्या आवाक्यातली होती. जुना दांडा व त्याच्या कड्या उतरावयाच्या, तळाचा पत्रा कापून भोक पाडावयाचे, नव्या दांड्याची बैठक बसवावयाची, जोडदांड्यांची लांबी जुळवून घ्यावयाची आणि भोकावर रबरी टोपण चढवावयाचे. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ व मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर प्रसिद्ध होता. कारखान्याने न दिलेली वस्तू पेठेने दिली.

अमेरिकेशी तुलना केल्यास आपल्या परिस्थितीचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. तेथेही जॉर्ज हर्स्ट याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस हँडगिअरच्या गाड्यांसाठी असेच सुटे दांडे बनविण्यास आरंभ केला. परंतु १९६४ साली पाँटिॲकच्या जीटीओ या गाडीत हर्स्टचा दांडा कारखान्यातूनच बसून येऊ लागला. पेठेचा निर्णय कारखान्याने पाच-सहा वर्षांत मान्य केला. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० फ्लोअर गिअरसह रस्त्यावर आली, १९८५ मध्ये प्रीमियरनेच ११८ एनई ही फ्लोअर गिअरची गाडी काढली, आणि तरीही पद्मिनीचा हँडगिअर त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिला. तिच्या उत्पादनाच्या अगदी शेवटच्या वर्षांत, एस-१ या प्रकारात, फ्लोअर गिअर आला. तोवर हे काम मालक आणि मिस्त्री यांनी आपापसांत उरकलेले होते.

यावरून हँडगिअर म्हणजे मागासलेपणाचे चिन्ह असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींत तो पुष्कळ काळ टिकला, आणि टॅक्सीचालक गाडीविषयी अज्ञ होता असे कोण म्हणेल? त्याला पुढच्या बाकावरील मोकळी जागा हवी होती. खेड्यातील कुटुंबालाही ती हवी असे. नव्या दांड्याने सुलभता दिली ती एका माणसाची बसण्याची जागा घेऊन. कोणत्या मालकाने काय निवडले हे त्याच्या गाडीत कोण बसत असे यावर अवलंबून होते, आणि यास्तव हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच कुटुंबाच्या इतिहासाचाही आहे.

अभ्यासकाची खरी अडचण साधनांची आहे. वाहनातील फेरफारांवर १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने बंधन घातले होते, आणि १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ त्याच विषयाचे आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. परंतु नोंदणीपत्रात इंजिनाचा क्रमांक, चासीचा क्रमांक, आसनसंख्या यांची नोंद असते, गिअरच्या दांड्याची नसते. म्हणून आर.टी.ओ.च्या दप्तरात या हजारो लहान निर्णयांचा मागमूस लागण्याची आशा नाही. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्यानंतर प्रत्यक्ष गाड्याही झपाट्याने दुर्मिळ होत आहेत.

ज्या उरल्या आहेत त्यांचा तळ पाहावा. चटई उचलली की कारखान्याच्या साच्यात कापलेले भोक आणि छिन्नीने वा कटरने पाडलेले भोक यांच्या कडा वेगळ्या ओळखू येतात. स्टिअरिंगच्या खांबावर जुन्या दांड्याची रिकामी बैठक राहिली असेल, तर ती गाडी मालकाने बदलून घेतलेली आहे. भोकावर पत्र्याचे ठिगळ असून दांडा पुन्हा खांबावर दिसत असेल, तर कोणी एकाने फ्लोअर गिअर बसविला आणि दुसऱ्या कोणी, बहुधा जुन्या गाड्यांच्या शौकिनाने, तो काढून मूळचा हँडगिअर परत आणला असे समजावे.