मोटारखाना आणि सार्वजनिक रस्ता

घराची भिंत आपली आणि घरापुढील रस्ता सर्वांचा, हें तत्त्व अमान्य करणारा गृहस्थ सांपडणें कठीण. परंतु भिंतीच्या आंत आपण जें करतों त्याचा भार रस्त्यावर पडूं लागला, म्हणजे या दोन हद्दींचा तंटा सुरू होतो. तो मिटविण्याचे नियम आपल्या राज्यांत कसे घडत गेले, हें आज मोटारखान्याच्या, म्हणजे लोक ज्याला गॅरेज म्हणतात त्या खोलीच्या, निमित्तानें पाहूं.

वऱ्हाडांत वाहनाला घराच्या आवारांत जागा देण्याची चाल मोटारीहून जुनी आहे. बैल कोठ्यांत बांधावे आणि बंडी आवारांत सोडावी, ही ओळखीची रीत. पुढें मोटार आली आणि बंडीची जागा तिनें घेतली. आतां भूखंड लहान झाले आणि कुटुंबाच्या गरजा वाढल्या. मोटारखान्याचें दार काढून तेथें कोणी वृद्ध मातापित्यांसाठीं खोली करतो, कोणी शिकवणीचा वर्ग चालवितो, कोणी ती जागा दुकानाला भाड्यानें देतो. यांतील गरज खोटी नसते. मात्र बाहेर निघालेली मोटार रस्त्यावर उभी राहते, आणि दुकान असलें तर गिऱ्हाइकांचीं वाहनेंही तिच्या शेजारीं येऊन थांबतात.

अशा फेरबदलाला परवानगी घ्यावी, हा विचार आपल्याकडे टप्प्याटप्प्यानें आला. १८९६ सालच्या प्लेगनें मुंबईच्या दाट वस्तीचा धोका उघड केला आणि १८९८ सालीं तेथें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१५ सालीं मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. देशांतील अशा प्रकारचा तो पहिला. त्याचें लक्ष मुख्यतः नव्या वस्तींतील रस्ते आणि भूखंड यांवर होतें. १९५४ च्या कायद्यानें सबंध गांवाचा विकास-आराखडा करण्याचें कर्तव्य स्थानिक संस्थांवर घातलें. हे दोन्ही कायदे झाले तेव्हां पुसद मुंबईच्या कक्षेबाहेर होतें. १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यांत, नंतर यवतमाळ जिल्ह्यांत असलेला हा वऱ्हाडी तालुका १९५६ च्या नोव्हेंबरांत मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्राचा भाग झाला.

सबंध राज्याला लागू होणारा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालीं झाला व जानेवारी १९६७ पासून अमलांत आला. त्या वेळीं मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यांतील गहुलीचे आणि १९४६ सालीं पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झालेले.

या अधिनियमाचें मर्म ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येंत आहे. बांधकाम म्हणजे विकास, हें तर खरेंच. परंतु इमारतीच्या वापरांत केलेला महत्त्वाचा बदल हाही विकासच. त्याला कलम ४३ प्रमाणें लेखी परवानगी लागते. केवळ आंतील दुरुस्तीला ती लागत नाहीं. मोटारखान्याला रंग द्या, फरशी बसवा, फळ्या ठोका. कायदा आड येत नाहीं. त्याच चार भिंतींत दुकान मांडलें कीं प्रश्न बदलतो. शिवाय वाहनासाठीं म्हणून जी जागा चटईक्षेत्राच्या हिशेबांतून वगळलेली असते, ती राहण्याची खोली झाली कीं त्या सवलतीचें कारणच उरत नाहीं.

डिसेंबर २०२० मध्यें आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनें वाहनतळाचें मापही ठरविलें आहे. मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पांच मीटर लांब, दुचाकीला एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब जागा धरावयाची. म्हणून मोटारखाना बंद करणाऱ्यानें आवश्यक तेवढी जागा आपल्याच भूखंडांत अन्यत्र दाखवावी, हें ओघानेंच येतें. या जागेचें मोल न्यायालयानेंही ओळखलें. मुंबईच्या दहिसर भागांतील पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं निर्णय दिला कीं, इमारतीखालील मोकळा वाहनतळ म्हणजे गॅरेज नव्हे आणि विकासकाला तो स्वतंत्रपणें विकतां येत नाहीं.

येथें एक आक्षेप रास्त आहे. ज्यानें पूर्वीं मोटारखाना बांधला त्यालाच आज जाब विचारला जातो. ज्यानें कधीं बांधलाच नाहीं, त्याची मोटार रस्त्यावर निर्धास्त उभी असते. जुन्या पेठांतील अरुंद गल्ल्यांत हा विरोध अधिकच बोंचतो. पण एका शेजाऱ्याची सवलत हें दुसऱ्याचें समर्थन होऊं शकत नाहीं. कारण आजारी माणसाला नेणारी गाडी किंवा आगीचा बंब त्याच गल्लींतून यावयाचा असतो. नियम सर्वांना सारखा लावणें, हें मात्र नगरपरिषदेचें कर्तव्य आहे.

कायदा नुसता दंड करीत नाहीं, वाटही दाखवितो. कलम ४४ प्रमाणें अर्ज करावा. ६० दिवसांत निर्णय मिळावा, अशी पुढच्या कलमाची अपेक्षा आहे. बदल आधींच करून बसलेल्याला नोटीस आली, तरी तो बदल कायम ठेवण्याची परवानगी मागण्याची मुभा त्याला आहे. नागरिकानें भिंत फोडण्यापूर्वीं विचारावें आणि कार्यालयानें वेळेवर उत्तर द्यावें, एवढें घडलें तरी वृद्धांना खोली मिळेल आणि गल्लीचा रस्ताही मोकळा राहील.