'गिव्ह अप' म्हणजे वर देणे? चीन इंग्रजी कसा शिकला त्याची गोष्ट

आजच्या भागाचा विषय आहे एक इंग्रजी क्रियापद. एकच. 'गिव्ह अप'. तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की स्पोकन इंग्लिशचा क्लास? जरा धीर धरा. या दोन छोट्या शब्दांच्या मागे अफूच्या पेट्या आहेत, एक युद्ध आहे, एक तह आहे आणि कोट्यवधी मुलांच्या परीक्षा आहेत. आणि हे सगळं चीनमध्ये घडलंय.

सुरुवात एका विनोदापासून करू. चीनमध्ये १९८७ पासून कॉलेजच्या मुलांसाठी एक राष्ट्रीय इंग्रजी परीक्षा घेतली जाते. तिच्यासाठी शब्दांची जाडजूड पुस्तकं मिळतात, एबीसीडीच्या क्रमाने लावलेली. त्यातल्या कित्येक पुस्तकांत पहिला शब्द असतो 'अबँडन'. म्हणजे सोडून देणे. मुलगा मोठ्या उत्साहाने पुस्तक उघडतो, पहिला शब्द पाठ करतो, त्याचा अर्थ समजतो आणि पुस्तक मिटून टाकतो! हा जोक तिकडे इतका जुना आहे, की 'अबँडन' म्हटलं तरी मुलं हसतात.

पण गंमत पुढे आहे. 'अबँडन' हा अवघड शब्द तोंडपाठ असलेला हाच मुलगा त्याच अर्थाचा सोपा 'गिव्ह अप' वापरायला कचरतो. २००४ साली यान ल्याओ आणि योशिनोरी फुकुया या अभ्यासकांनी चिनी विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की मधल्या पातळीवरचे विद्यार्थी अशी जोडक्रियापदं टाळतात आणि त्यांच्या जागी एका शब्दाचं क्रियापद घेतात. पुढच्या पातळीवर गेलेले विद्यार्थी मात्र ती बऱ्यापैकी वापरतात.

म्हणजे अवघड ते येतं आणि सोपं ते टाळलं जातं. असं का?

आधी 'गिव्ह अप'कडेच बघू. शब्दशः चिनी भाषांतर केलं तर होतं 'वर देणे'. त्याला काही अर्थच नाही. आणि खरा अर्थ बघायला जावं, तर तो एक नाही. माणूस सिगारेट सोडतो, तेव्हा 'गिव्ह अप'. त्याला चिनीत म्हणतात 'च्ये-येन'. सैन्य शरण जातं, तेव्हाही 'गिव्ह अप'. चिनीत 'थौश्यांग'. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला आपली सीट देतो, तेही 'गिव्ह अप'. चिनीत 'रांग-त्स्वो'. आणि प्रयत्न करून करून शेवटी नाद सोडतो, तेव्हा 'फांगछी'. इंग्रजीत एक क्रियापद, चिनीत चार वेगवेगळी. मराठीतही तेच की! आपण व्यसन सोडतो, शत्रूला शरण जातो, आजीला जागा देतो आणि गणित सुटत नसेल तर हात टेकतो.

मग या चार अर्थांना जोडणारा धागा कोणता? 'गिव्ह अप'चा जुना अर्थ आहे हवाली करणे. किल्लेदार किल्ला शत्रूच्या हवाली करतो, तसं. आणि 'अप' म्हणजे इथे वर नाही. 'ईट अप', 'यूज अप' यांतल्यासारखा हा 'अप' सांगतो, की काम पुरतं झालं, मागे काही उरलं नाही. म्हणून 'गिव्ह अप' म्हणजे हातातलं पूर्णपणे देऊन टाकणं. किल्ला, सीट, सिगारेट किंवा आशा.

आता 'देऊन टाकणं' हा माझाच शब्द बघा. 'टाकणं' म्हणजे फेकणं. मग 'खाऊन टाक' म्हणजे खाऊन फेकून दे का? आणि 'सोडून दे' म्हटल्यावर मराठी शिकणारा परदेशी माणूस विचारणारच, 'काय देऊ? कुणाला देऊ?' आपल्याला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण हे शब्द आपण घरात, भांडणात, जेवताना ऐकलेत. चिनी भाषेतही जोडक्रियापदं आहेत. 'चान-छी-लाय' म्हणजे उठून उभं राहणं, 'छ्र-वान' म्हणजे खाऊन संपवणं. म्हणजे जोडक्रियापद ही गोष्ट काही चिनी डोक्याला परकी नाही.

तर मग अडतं कुठे? माझ्या मते उत्तर इतिहासात आहे. ज्या ज्या वेळी चीनला इंग्रजी शिकावी लागली, त्या त्या वेळी ती शिकण्यामागे भीती किंवा परीक्षा होती. गप्पांसाठी ती क्वचितच शिकली गेली. आणि 'गिव्ह अप'सारखे शब्द गप्पांमध्येच राहतात.

चला, कँटनला जाऊ. आजचं ग्वांगचौ. १७५७ पासून युरोपियन व्यापाऱ्यांना चीनमध्ये या एकाच बंदरात व्यापाराची परवानगी होती. परदेशी लोकांना चिनी शिकवायला बंदी होती. १७५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फ्लिंट चिनीत लिहिलेला एक तक्रारअर्ज घेऊन उत्तरेकडे गेला. नंतर फ्लिंटला मकावमध्ये कैद झाली आणि तो अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाचं डोकं उडवलं गेलं. भाषेच्या मदतीची ही शिक्षा!

पण व्यापार तर करायचाय. मग एक कामचलाऊ भाषा तयार झाली: पिजिन इंग्लिश. 'बिझनेस' या शब्दाचाच चिनी उच्चार बदलत बदलत 'पिजिन' झाला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. थोडे शब्द, व्याकरण जवळपास नाहीच. बघणे म्हणजे 'लुक-सी'. जमेल म्हणजे 'कॅन डू', जमणार नाही म्हणजे 'नो कॅन डू'. बाजारात छोट्या पुस्तिका मिळत. त्यात इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत लिहिलेले असत. आपण पहिलीच्या पुस्तकात 'ॲपल' देवनागरीत लिहून घ्यायचो ना, अगदी तसं. कँटनच्या दुभाष्यांना ही इंग्रजी बोलता यायची, पण कागदावरची इंग्रजी वाचता यायची नाही.

या कँटनमध्ये मुंबईची माणसंही होती. जमशेदजी जीजीभाईंनी तरुणपणी चीनच्या सफरी केल्या आणि पुढे कापूस आणि अफू यांच्या व्यापारावर मोठी संपत्ती उभी केली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या पायात हा पैसा आहे. म्हणून ही गोष्ट आपल्यासाठी तेवढी लांबची नाही.

मार्च १८३९. सम्राटाने अफू बंद करण्यासाठी लिन त्सश्यू नावाचा अधिकारी कँटनला पाठवला. त्याची मागणी दुहेरी होती. परदेशी व्यापाऱ्यांनी अफू हवाली करायची आणि चिनी लोकांनी अफू सोडायची. इंग्रजीत ही दोन्ही वाक्यं एकाच क्रियापदाने होतात! गिव्ह अप, आणि गिव्ह अप. चिनीत मात्र हे दोन पूर्ण वेगळे शब्द. सिगारेट सोडण्यासाठी आज वापरतात तो 'च्ये-येन' हा शब्द तेव्हा अफू सोडण्यासाठीही होता.

लिनला लक्षात आलं, की कँटनच्या दुभाष्यांवर भागणार नाही. त्याने मिशनऱ्यांकडे, परदेशात इंग्रजी शिकलेली मोजकी माणसं गोळा केली. त्यातला एक, युआन दहुई, मलाक्कामध्ये शिकलेला होता. ही माणसं इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून लिनला सांगायची. राणी व्हिक्टोरियासाठी लिहिलेलं लिनचं प्रसिद्ध पत्रही इंग्रजीत उतरवलं गेलं. ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियटने शेवटी २०,२८३ पेट्या अफू हवाली केली. त्या वर्षीच्या जूनमध्ये हुमेनला चुना आणि मीठ घालून ती नष्ट करण्यात आली. त्यातून पेटलेलं युद्ध चीन हरला. १८४२ च्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग द्यावं लागलं. हेही एक 'गिव्ह अप'च.

यानंतरचा तह मला जास्त बोचतो. १८५८, त्येनचिन. त्यातल्या ५० व्या कलमात लिहिलंय, की ब्रिटिशांचे सरकारी कागद इंग्रजीत येतील आणि इंग्रजी आणि चिनी मजकुरांच्या अर्थात फरक पडला, तर ब्रिटन इंग्रजी अर्थच खरा धरेल. विचार करा. तुमच्याच देशाचा तह, पण त्याचा अर्थ परक्या भाषेतला चालणार! १८६२ मध्ये बीजिंगला सरकारी भाषाशाळा सुरू झाली, थोंगवेन ग्वान. सुरुवातीला मोजकी मांचू मुलं. इंग्रजी शिकायचं कारण स्पष्ट होतं: पुन्हा कागदावर फसायचं नाही. साहजिकच शिकवलं गेलं ते कागदाचं इंग्रजी.

आता १९३० च्या दशकात या. सी. के. ऑग्डेन या इंग्रज माणसाने 'बेसिक इंग्लिश' नावाची छोटी इंग्रजी तयार केली. शब्द फक्त ८५०! आणि त्यात क्रियापदं किती? अठरा. बाकीची क्रियापदं या अठरांना 'अप', 'ऑफ', 'इन', 'आउट' जोडून बनवायची. 'अबँडन' नको, 'सरेंडर' नको. 'गिव्ह' आणि 'अप' आहेत ना, झालं काम! त्यांचा मित्र आय. ए. रिचर्ड्स १९२९ मध्ये बीजिंगच्या छिंगहुआ विद्यापीठात शिकवायला आला होता. चीनसाठी हीच इंग्रजी योग्य, असं त्याला मनापासून वाटू लागलं. पुढे तो पुन्हा आला आणि शाळांसाठी योजना आखू लागला.

या योजनेत एक मेख होती. मोजायला शब्द ८५०, पण 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे हे 'पुट', 'अप', 'विथ' वेगवेगळे पाठ करून कसं कळणार? प्रत्येक जोडी हा खरं तर नवा शब्दच. यादीत तो मोजला गेला नाही, पण विद्यार्थ्याच्या डोक्यावरचं ओझं तेवढंच राहिलं. इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाला 'गिव्ह अप' सोपं वाटतं, कारण ते त्याने आईच्या तोंडून ऐकलंय. बीजिंगच्या मुलाची आई असं बोलत नव्हती.

ही योजना खरंच चालली असती का, ते बघायची वेळच आली नाही. ७ जुलै १९३७ ला बीजिंगजवळ लुगौ पुलावर गोळीबार झाला आणि जपानशी युद्ध पेटलं. विद्यापीठं दक्षिणेकडे निघाली, आधी छांगशा आणि मग कुनमिंग. रिचर्ड्सचा विद्यार्थी, कवी विल्यम एम्प्सन, त्यांच्यासोबत होता. पुस्तकं मागे राहिली होती, म्हणून तो आठवणीतून कविता टाइप करून मुलांना शिकवायचा. या मुलांनी घरदार सोडलं, शिकणं सोडलं नाही.

१९४९ नंतर रशियन भाषा पुढे आली आणि इंग्रजी मागे पडली. सांस्कृतिक क्रांतीत इंग्रजीचा पहिला धडा असायचा 'चेअरमन माओ चिरायू होवोत'. मग १९७७ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली आणि सुमारे ५७ लाख लोक बसले. १९८३ पासून त्यात इंग्रजीचे गुण पूर्ण धरले जाऊ लागले. १९८२ मध्ये चिनी टीव्हीवर बीबीसीची 'फॉलो मी' ही मालिका आली. कॅथी फ्लॉवर ही इंग्रज बाई अख्ख्या देशाची शिक्षिका झाली. टीव्हीसमोर शेजारीपाजारी जमायचे. इथे पहिल्यांदा कोट्यवधी लोकांनी इंग्रजी ऐकली, दुकानातली, रस्त्यावरची. पण गुण मात्र मिळायचे कागदावर. आणि कागदावर 'अबँडन' जास्त भारी दिसतो.

शेवटचं वळण परवापरवाचं. जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी क्लासेसवर कडक बंधनं आणली. यु मिनहोंग यांनी १९९३ मध्ये काढलेल्या न्यू ओरिएंटल या मोठ्या क्लासचे सुमारे ६०,००० लोक कामावरून गेले. जवळपास ८०,००० बाकं खेड्यातल्या शाळांना देऊन टाकली गेली. पण दुकान बंद झालं नाही. त्यांचे शिक्षक मोबाइलवर लाइव्ह येऊन तांदूळ आणि मांस विकू लागले. २०२२ मध्ये तुंग युहुई नावाचा इंग्रजीचा शिक्षक फळ्यावर शब्द लिहीत, गोष्टी सांगत माल विकताना रातोरात प्रसिद्ध झाला. लोक आले तांदूळ घ्यायला आणि इंग्रजी ऐकत बसले. परीक्षा नाही, गुण नाहीत. गप्पा.

आपलंही फार वेगळं नाही बरं का. मी मराठी माध्यमातला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्याच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि आपल्याकडेही इंटरव्ह्यूमध्ये मुलं 'आय टॉलरेट' म्हणतील, 'पुट अप विथ' म्हणणार नाहीत. पाठ केलेला मोठा शब्द सुरक्षित वाटतो. त्यात अर्थ एकच असतो, फसायची भीती नसते. ज्यांच्या पूर्वजांना कागदावरच्या एका अर्थापायी इतकं द्यावं लागलं, त्यांनी सुरक्षित शब्द निवडला तर त्याला मी आळस म्हणणार नाही.

तर 'गिव्ह अप' वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 'इट', 'देम' असे छोटे शब्द मध्ये बसतात: 'गिव्ह इट अप', 'गिव्ह देम अप'. आणि माणसावरची आशा सोडली, तर मागे 'ऑन' लागतं: 'गिव्ह अप ऑन'. यादी करून पाठ करू नका. एखादी सिरीज बघताना, मॅचची कॉमेंट्री ऐकताना हे शब्द कानावर पडले की थांबा आणि स्वतःला विचारा: इथे कोण, काय, कुणाच्या हवाली करतंय?

तुम्हाला छळणारं असं एखादं क्रियापद असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, त्याच्यामागे इतिहास सापडला तर एक भाग त्याच्यावर करू. भेटू पुढच्या आठवड्यात!