मेट्रोच्या एका तिकिटात साष्टीचं ताट

मुंबई बघायला पाहुणे आले की आपण त्यांना खायला कुठे नेतो? माटुंग्याला इडली, फोर्टात इराण्याकडे बनमस्का, रमजान असेल तर मोहम्मद अली रोड. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला कोणी नेत नाही, कारण तिथे आपण राहतो. उपनगरांना इतिहास नाही, नुसत्या सोसायट्या आहेत, असा आपलाच समज. तो खोडायला आज आम्ही बसलो आहोत, आणि पुरावा म्हणून बखर नाही, ताट पुढे ठेवणार आहोत.

आधी थोडी सनावळी, कंटाळू नका. माहीमच्या खाडीपलीकडे वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा मुलूख म्हणजे साष्टी बेट. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात तो पोर्तुगिजांना दिला. १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांच्या वाट्याला गेली, साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली, ती १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत. म्हणजे पाऊणशे वर्षं माहीमची खाडी ओलांडणं म्हणजे राज्य बदलणं होतं! अंधेरी आणि घाटकोपर मुंबई महापालिकेत आले १९५० मध्ये, बोरिवली आणि मुलुंड तर १९५७ मध्ये. गावं जुनी, मुंबईपण नवं.

आता जून २०१४ पासून वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो धावते. बारा स्थानकं, अकरा किलोमीटर. या तिकिटात जे ताट मिळतं ते पाहू.

पहिला घास वर्सोव्याचा, म्हणजे मूळच्या वेसाव्याचा. स्टेशनवरून कोळीवाड्यात जायला रिक्षा करावी लागते. तिथे वलांडीवर वाळत घातलेले बोंबील दिसतील. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात तेव्हा घर चालतं ते या सुक्या मासळीवर. समुद्रात पुरुष जातो, पण मासळी विकून पैसा घरात आणते कोळीण, आणि हिशेबही तिचाच.

मरोळ नाक्याला मात्र आम्ही जरा रेंगाळणार आहोत. मरोळ, चकाला, कोंदिविटे या गावठाणांत ईस्ट इंडियन लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नाव इंग्रजी, धर्म ख्रिस्ती, घरातली बोली मराठी. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले हे इथलेच कोळी, कुणबी, भंडारी. गोवा आणि मंगळूरकडून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपली ओळख वेगळी ठेवायला त्यांनी कंपनी सरकारशी असलेलं नातं सांगणारं हे नाव घेतलं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांची संस्था स्थापन झाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या भूमिपुत्रांना ‘पूर्वेचे’ म्हणायचं, हा इतिहासाचा विनोदच. आणि मग त्यांनाच शेजारीण विचारते, ‘तुम्ही गोव्याचे का?’ सीप्झच्या कुंपणाआड १५७९ साली बांधलेलं चर्च पडक्या भिंतींनिशी उभं आहे. साथीमुळे १८४० मध्ये ते सोडून द्यावं लागलं. तिथे आजही वर्षातून एकदा, मे महिन्यात, मिस्सा होते.

मे महिन्यातच त्यांचा बाटली मसाला होतो. मिरची, धणे, हळद तर आहेच. शिवाय तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, मायपत्री, भाजलेले गहू आणि चणेसुद्धा. वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, वेगवेगळे भाजायचे, कुटायचे, आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. तपकिरी काचेतून उजेड कमी जातो, म्हणून रंग उडत नाही. पूर्वी कुटणाऱ्या बायका हंगामात घरोघर फिरत. लाकडी उखळीत दोघी-तिघी आळीपाळीने मुसळ घालत. गव्हर्नरांची नावं दगडावर कोरलेली आहेत. या बायकांपैकी एकीचंही नाव कुठल्या पाटीवर आम्हाला वाचायला मिळालेलं नाही. आता अंगण गेलं, इमारत आली, वाळवण घालायला गच्चीची किल्ली वॉचमनकडे मागावी लागते. मसाला पाकिटात मिळतो, पण प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं होतं आणि ते बहुतेक तोंडीच होतं. ती आजी गेली की ते प्रमाणही जातं.

लग्नात उंबराचं पाणी आणायची त्यांची रीत आणि पंगतीतले फुगे हे दोन्ही पाहावेत असे. पीठ मुठीतून दाबून तेलात सोडायचं की गोल फुगा टम्म होतो. पूर्वी ते पीठ ताडीने फुगवत. पावाचंही तेच. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाले, तेव्हा वडापावला अस्सल मराठी म्हणताना आपण जरा हसून म्हणावं.

मेट्रोचं शेवटचं स्टेशन घाटकोपर. इथे गुजराती आणि कच्छी शेजार. कच्छच्या मांडवीची दाबेली घ्या, आतमध्ये पुन्हा तोच पाव, तोच बटाटा. जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतात, आणि ती फिकी लागत नाही, आम्ही खाल्ली आहे. खाऊगल्लीतल्या चीज आणि आइस्क्रीमच्या डोशांबद्दल आम्ही काही बोलत नाही.

तिथून लोकलने मुलुंड. ही वाट १८५३ च्या पहिल्या आगगाडीची. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांची छावणी इथे पडली, तीच आजची मुलुंड कॉलनी. त्यांना आपण निर्वासित म्हणालो, पण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, हे तेव्हा किती जणांच्या लक्षात होतं? घरदार, शेतीवाडी तिकडेच राहिली. हातात कला होती ती पापड, लोणची करण्याची. छावण्यांतल्या कितीतरी बायकांनी लाटणं हातात धरूनच संसार पुन्हा उभे केले. त्यांची कढी ताकाची नसते. बेसन तेलात खमंग भाजून, चिंचेचा कोळ आणि भाज्या घालून करतात, भाताबरोबर खातात. न्याहारीला डाळ-पकवान, प्रवासाला कांदा घातलेली जाड कोकी, दोन दिवस टिकणारी.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरचा मसाला कोणाच्या हातचा, आणि त्याचं माप वाटीचं, शेराचं की मुठीचं? केंद्रावर येऊन सांगा. पुढच्या भागात आम्ही ती मापं वाचून दाखवू, सांगणारीच्या नावासकट.