चाळीस पिंपे आणि वीस पिपे यांच्यावरचा खटला

ऑक्टोबर १९०९. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, चॅटनूगा या शहरी निघालेला माल सरकारी अधिकाऱ्यांनी जप्त केला. अटलांटाहून आलेल्या कोका-कोलाच्या सिरपची ती ४० मोठी पिंपे आणि २० लहान पिपे होती. अमेरिकी कायद्यानुसार जप्त मालावरच दावा लावता येत असल्यामुळे न्यायालयाच्या दप्तरी प्रतिवादी म्हणून या पिंपांचीच नोंद झाली. नाव गमतीचे असले तरी त्यामागचा प्रश्न गंभीर होता. तरतरी आणणारे कॅफिन गोड पेयात मिसळून ते कोणालाही, अगदी शाळकरी मुलांनाही, विकू द्यावे काय?

हा प्रश्न लावून धरणारे गृहस्थ होते हार्वी वायली. अमेरिकेच्या कृषी खात्यातील रसायन विभागाचे ते प्रमुख. अन्नातील भेसळीविरुद्ध त्यांनी अनेक वर्षे मोहीम चालवली होती आणि १९०६ चा शुद्ध अन्न व औषध कायदा होण्यात त्यांचा वाटा फार मोठा होता. कोका-कोलातील कोकेन तोवर काढून टाकलेले होते. वायलींचा रोख कॅफिनवर होता. चहा-कॉफीत कॅफिन निसर्गतःच असते, ते लोकांना ठाऊक असते आणि म्हणून आईबाप ही पेये लहान मुलांना देत नाहीत. येथे मात्र ते बाहेरून घातले जाते आणि पिणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते, असा त्यांचा युक्तिवाद. कंपनीचे उत्तरही सोपे होते. चहाच्या कपात जेवढे कॅफिन असते तेवढेच आमच्या पेल्यात आहे. मग चहावर खटला का नाही?

ते प्रमाण किती होते? एक औंस सिरपमध्ये सुमारे १.२ ग्रेन, म्हणजे जवळजवळ ७८ मिलिग्रॅम. त्यात सोडा मिसळून आठ औंसांचा, म्हणजे पावलिटरहून थोडा कमी, पेला तयार होई. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मार्च १९११ मध्ये चॅटनूगा येथे न्यायमूर्ती एडवर्ड सॅनफर्ड यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. शहर कंपनीला अनुकूलच म्हणावे लागेल. कोका-कोला बाटल्यांत भरून विकण्याचा देशव्यापी करार १८९९ मध्ये याच शहरातील वकिलांनी मिळवला होता. सरकारी पक्षाने प्राण्यांवरील प्रयोगांचे दाखले दिले. माणसाच्या मेंदूवर कॅफिनचा नेमका काय परिणाम होतो याचे भक्कम संशोधन मात्र फारसे झालेले नव्हते. ही उणीव कंपनीच्या ध्यानात आली आणि तिने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाला गाठले. नामवंत प्राध्यापक अशा कामाला बिचकत होते, कारण कंपनीच्या पैशाने केलेले संशोधन विकलेले मानले जाई. हॉलिंगवर्थना पैशाची निकड होती. त्यांची पत्नी लीटा हिला विवाहित म्हणून न्यूयॉर्कच्या शाळांत नोकरी मिळत नव्हती आणि तिला पुढे शिकायचे होते.

त्यांनी घातलेल्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. निष्कर्ष काहीही निघोत, ते प्रसिद्ध करण्याचा अधिकार संशोधकाचा. आणि कंपनीने ते जाहिरातीत वापरायचे नाहीत. मग मॅनहॅटनमध्ये सहा खोल्यांचे घर भाड्याने घेऊन १६ जणांवर चाळीस दिवस चाचण्या झाल्या. रोजचे काम पाहिले ते लीटा हॉलिंगवर्थ यांनी. काही दिवशी कुपीत कॅफिन असे, काही दिवशी नुसती दुग्धशर्करा. कोणत्या दिवशी काय, हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना मोजणाऱ्याला. टंकलेखनाचा वेग, हाताची स्थिरता, रंगांची नावे सांगणे, बेरजा अशी हजारो मोजमापे गोळा झाली. कॅफिनने काम वेगाने होते आणि थोड्या मात्रेने बहुतेकांची झोप मोडत नाही. मोठ्या मात्रेने मात्र मोडते, असे आढळले. औषधाच्या परिणामाचा इतका काटेकोर अभ्यास त्या काळी विरळाच होता.

न्यायालयात त्याचा उपयोग शून्य झाला. कॅफिन घातक आहे की नाही, याचा निर्णय सॅनफर्ड यांनी ज्युरीपुढे जाऊच दिला नाही. ते या पेयाच्या कृतीचाच भाग आहे, म्हणून कायद्याच्या अर्थाने ते ‘बाहेरून मिसळलेले’ नव्हे, असे सांगून त्यांनी कंपनीच्या बाजूने निकाल द्यायला लावला. म्हणजे आठवड्यांच्या वैद्यकीय साक्षी एका शब्दाच्या अर्थापाशी येऊन थांबल्या. वायलींनी १९१२ मध्ये राजीनामा दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे १९१६ रोजी हा अर्थ फिरवला. ठरलेल्या कृतीचा भाग असला तरी घटक ‘मिसळलेला’ असू शकतो आणि तो घातक आहे काय हे ज्युरीने ठरवावे, असे न्यायमूर्ती चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांनी लिहिले. खटला खाली परत आला, पण फेरसुनावणी झालीच नाही. १९१७ मध्ये कंपनीने तडजोड केली, खर्च भरला आणि कॅफिन निम्म्यावर आणले.

एक गोष्ट तशीच राहून गेली. हॉलिंगवर्थ यांचे सोळाही जण प्रौढ होते; सर्वांत लहान १९ वर्षांचा. वायलींची मूळ तक्रार मुलांविषयीची होती आणि मुलांविषयी त्या खोल्यांत काहीच मोजले गेले नव्हते. त्यात संशोधकाचा दोष नाही, मुलांवर असे प्रयोग करणेच अनुचित ठरले असते. परंतु ‘शास्त्राने कोका-कोलाला निर्दोष ठरवले’ असे जे सांगितले जाते, ते या मर्यादेसह सांगायला हवे.

निम्म्यावर आलेली ती मात्रा शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या वाटेने परतली. जपानमध्ये १९६२ साली लिपोव्हिटान-डी हे छोट्या बाटलीतले शक्तिवर्धक आले, थायलंडमध्ये १९७० च्या दशकात श्रमिक आणि ट्रकचालकांत क्राटिंग डाएंग लोकप्रिय झाले आणि त्याचाच अवतार १९८७ मध्ये ऑस्ट्रियात रेड बुल या नावाने विक्रीस आला. तेथील २५० मिलिलिटरच्या डब्यात कॅफिन ८० मिलिग्रॅम.

दरम्यान वैद्यकशास्त्र पुढे गेले. थकव्याची जाणीव मेंदूला करून देणाऱ्या अ‍ॅडेनोसीनची जागा कॅफिन अडवते. म्हणजे थकवा जात नाही, त्याची खबर तेवढी पोहोचत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन सुरक्षित मानले. मुलांसाठी तिने धरलेला हिशेब शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅमचा आहे. तीस किलो वजनाच्या मुलाला म्हणजे ९० मिलिग्रॅम. एक डबा रिकामा झाला की ती मर्यादा जवळपास गाठली जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०११ मध्येच मुलांच्या आहारात अशा पेयांना स्थान नाही, असे स्पष्ट म्हटले होते.

जुलै २०२४ मध्ये हा प्रश्न महाराष्ट्राच्या विधान परिषदेत आला. शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री बंद करण्याचा आदेश काढू, असे मंत्र्यांनी सभागृहात सांगितले. भारतीय नियमांप्रमाणे अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालते आणि ते मुलांसाठी नाही, अशी सूचना डब्यावर छापावी लागते. वरच्या मर्यादेने हिशेब केला तर २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ मिलिग्रॅम भरतात. वायलींनी जप्त केलेल्या सिरपच्या एका पेल्यात होते त्याहून तीनच कमी.